भवानीअक्कांचा मडी कॉम्प्युटर

भवानीअक्कांच्या घरात दोन कॉम्प्युटर होते. एकावर कुणीही बसावं, गाणी ऐकावीत, परदेशातल्या भाच्यांना मेल पाठवावेत. दुसऱ्याला त्यांच्याखेरीज कुणी हात लावायचा नाही. मी पहिल्यांदा नंगनल्लूरला त्यांच्या फ्लॅटवर गेले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. सवयीने त्या दुसऱ्याचा माउस हलवला, तर स्वयंपाकघरातून आवाज आला, "तें मडी आहे, कौमुदी. त्यास हात लावूं नको."

मडी म्हणजे सोवळं. तंजावरकडची मराठी माणसं तमिळांचं ऐकून हाच शब्द वापरतात. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी सांगलीहून तमिळ मुलखात येऊन पेरुंगुडीच्या एका कंपनीत नोकरीला लागले होते, वय चोवीस, आणि सोवळंओवळं या विषयावरची माझी मतं लढाईला तयार असायची. बाई दिसतात तर शहाण्या, मग हे काय खूळ, असं मनात म्हणत मी हात मागे घेतला.

बाई शहाण्याच होत्या. बावीस वर्षं त्यांनी एका सरकारी बँकेत क्लार्क म्हणून काढली. २००१ साली बँकांनी स्वेच्छानिवृत्ती काढली तेव्हा सेहेचाळिसाव्या वर्षी घरी बसल्या, आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांना कंटाळा आला. एका संगणक मासिकाबरोबर लिनक्सची, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या एका मोफत प्रणालीची, सीडी मिळाली होती. ती घालून बघितली, कॉम्प्युटर बंद पडला. पुन्हा घातली. त्यांचे यजमान रंगाराव सांगायचे की त्या महिन्यात घरी सांबारात मीठ नव्हतं, पण कॉम्प्युटर मात्र चालू झाला.

माझी त्यांची ओळख शहरातल्या लिनक्सवाल्यांच्या मासिक बैठकीत झाली. तिथे सगळी टीशर्टवाली मुलं, आणि कोपऱ्यात काठाची सुती साडी नेसून वहीत टिपणं घेणाऱ्या या. मी मराठीत कुणाशी तरी फोनवर बोलले ते ऐकून त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "तूं कोठली गे?" तीनशे वर्षांपूर्वीची मराठी एखाद्या पेटीत जपून ठेवावी आणि वर तमिळ हेल चढवावा, तशी त्यांची भाषा होती. पहिले दोन महिने मला हसू यायचं. नंतर मीच सांगलीला फोनवर "मज ठाऊक नाहीं" म्हणाले आणि आईने विचारलं, बरं नाही का तुला.

त्याच बैठकीत दोन वर्षं आधी गुरुमूर्ती नावाचे एक शिक्षक आले होते. तांबरमच्या पलीकडे अंध मुलांची एक निवासी शाळा आहे, तिथे ते गणित शिकवायचे. स्वतः जन्मापासून अंध. तमिळ पाठ्यपुस्तकाचा मजकूर ब्रेलमध्ये बदलून देणारा एखादा मोफत प्रोग्रॅम आहे का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. एकाने त्यांना मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वज्ञानावर वीस मिनिटं ऐकवली. अक्कांनी त्यांचा फोन नंबर लिहून घेतला.

त्यातून 'पुळ्ळी' उभी राहिली. तमिळमध्ये पुळ्ळी म्हणजे ठिपका. प्रोग्रॅम सगळ्यांना खुला, त्यातला शब्द न् शब्द इंटरनेटवर ठेवलेला, कुणीही घ्यावा, सुधारावा. आम्ही सातआठ जण त्यात अधूनमधून हात घालायचो. मी दोन महिने खपून एक चूक दुरुस्त केली आणि वर्षभर ती सगळ्यांना सांगितली. बाकीचं जवळजवळ सगळं काम अक्कांचं.

आता तो मडी कॉम्प्युटर कशाला, ते सांगते. कुठलाही प्रोग्रॅम एकटा चालत नाही. त्याला इतरांनी लिहिलेले लहानमोठे प्रोग्रॅम लागतात: एक अक्षरं ओळखणारा, एक छपाईयंत्राशी बोलणारा, असे बरेच. आम्ही त्यांना डिपेंडन्सी म्हणतो. लग्नाचा आचारी आधी सामानाची यादी धाडतो ना, तशी आम्हालाही यादी द्यावी लागते, की बाबांनो, एवढं आणून ठेवा, मग आमचा प्रोग्रॅम तुमच्या कॉम्प्युटरवर बांधून तयार होईल. यादीत एखादी वस्तू राहिली की परक्या कॉम्प्युटरवर तो बांधलाच जात नाही. आणि गोम अशी, की ज्याने यादी केली त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर ती वस्तू आधीपासून पडलेली असते. त्यामुळे राहिलेलं त्याच्या कधी लक्षातच येत नाही.

म्हणून अक्का दर शनिवारी दुसरा कॉम्प्युटर संपूर्ण पुसायच्या. मग आपल्या सीडीवरून त्यावर कोरं लिनक्स चढवायचं, यादीतल्या वस्तू तेवढ्या मोजून घालायच्या, आणि पुळ्ळी बांधायची. बांधली गेली तर यादी बरोबर. मधल्या काळात कुणी त्याला हात लावला, एखादं गाणं जरी ठेवलं, तरी तो ओवळा. रंगाराव त्यावरची धूळसुद्धा झटकत नसत.

एकदा मी न राहवून विचारलं, "अक्का, मडीचा तुम्हाला राग नाही येत?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "राग? मी बँकेंतून बसमधून येतां, सासू मज दाराबाहेर उभी करी. तहान लागली तरी न्हाऊन मग पाणी. बारा वर्षं. माणसावर केली ती चूक गे. यंत्रावर केली तर यंत्रास काय वाईट वाटतं?"

मी उठून पहिल्या कॉम्प्युटरवर जाऊन बसले.

२००६ च्या एप्रिलमध्ये गुरुमूर्तींच्या शाळेला देणगीतून एक ब्रेल छापणारं यंत्र आणि एक नवा कॉम्प्युटर मिळाला. त्याआधीच्या वर्षी पुस्तकं अक्कांच्या घरी ब्रेलमध्ये बदलायची आणि सीडीवरून दुसऱ्या संस्थेकडे छापायला जायची. गणितात एखादं चिन्ह चुकलं की गुरुमूर्ती फोन करणार, अक्का दुरुस्त करणार, सीडी घेऊन लोकल पकडणार. असं करता करता दहावीच्या मुलांच्या हातात गणिताचं पुस्तक सप्टेंबरात पडलं. गुरुमूर्तींच्या स्वतःच्या दहावीला ते नोव्हेंबरात मिळालं होतं आणि ते गणितात नापास झाले होते. पुढे त्याच विषयात पदवी घेतली, पण ती गोष्ट त्यांच्या मनातून गेली नव्हती. या वर्षी दहावीत नऊ मुलं होती. एक जूनला शाळा उघडेल तेव्हा नऊ जणांच्या हातात पुस्तक असेल, असा शब्द त्यांनी मुलांना सुट्टीवर जाताना दिला होता.

शब्द दिला होता अक्कांच्या भरवशावर. शाळेच्या कॉम्प्युटरवरच पुळ्ळी बांधायची, तिथेच पुस्तक बदलायचं, तिथेच छापायचं. यादी तयार होतीच.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात गुरुमूर्तींचा फोन आला. बांधली जात नाही. अमुक फाइल सापडत नाही म्हणून थांबते. त्यांचा कॉम्प्युटर पडद्यावरचं बोलून दाखवायचा, ते ऐकून त्यांनी चूक अक्षरन् अक्षर सांगितली. मी तेव्हा अक्कांकडेच होते.

"तसं होणार नाहीं सार," अक्का तमिळमध्ये म्हणाल्या. "माझ्याकडे शनिवारीच झाली आहे. तुमच्याकडून यादीतली एखादी ओळ राहिली असेल."

त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तीच चूक. अक्कांनी मडी कॉम्प्युटर पुसून पुन्हा बांधलं, सुरळीत झालं. चार दिवसांत सहा फोन झाले. सहाव्या फोनला अक्का म्हणाल्या, "सार, शेजारी एखादं दिसणारं माणूस घेऊन बसा ना. ओळ कुठेतरी सुटत असणार."

 गुरुमूर्तींनी "बरं, मॅडम," म्हणून फोन ठेवला, तेवढं मलाही ऐकू आलं. मला तिथल्या तिथे शरम वाटली, पण मी गप्प बसले. ती माझी चूक.

पुढचे तीन दिवस शाळेकडून फोन नाही. अक्का रोज विचारायच्या, "आला काय?" रंगाराव नाही म्हणायचे. शेवटी शनिवारी आम्ही दोघी लोकलने तांबरमला गेलो, तिथून बसने शाळेत. सुट्टी असल्याने आवारात चिटपाखरू नव्हतं. गुरुमूर्तींनी नमस्कार केला, खुर्ची दिली, आणि बाजूला उभे राहिले. अक्कांनी स्वतः सगळं पुसलं, यादी उघडून एकेक ओळ बोट ठेवून घातली. मी दुसऱ्या बाजूने तपासत होते. एकही ओळ सुटली नाही. पुळ्ळी बांधायला घेतली आणि ती त्याच जागी, त्याच फाइलीसाठी थांबली.

अक्का पडद्याकडे बघत राहिल्या.  गुरुमूर्तींनी उलट काही ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

परत आलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. रंगारावांनी कॉफी केली. मी वैतागून म्हटलं, "अक्का, सरळ पूर्वीसारखं करू. तुमच्याकडे बदलून सीडी देऊ. बारा दिवस राहिलेत."

"आणि चूक निघाली की पुन्हा लोकल," अक्का म्हणाल्या. "सप्टेंबर." मग मडी कॉम्प्युटरकडे बोट दाखवून, "यास कोणी शिवलं नाहीं. मी स्वतः समस्त पुसतें. मग येथें होतं तें तेथें कां होत नाहीं?"

रंगाराव कॉफी ओतता ओतता गमतीने म्हणाले, "माझी आई तशीच की. मडी मडी म्हणून समस्त धुई. भांडीं धुई, फरशी धुई, केळीचीं पानं धुई. तें एक पट्टू मात्र नाहीं. रेशमास ओवळं नाहीं म्हणे. वीस वर्षं न धुतलेलं पट्टू नेसून ती बाकीच्यांस लांब उभी करी."

मी हसले. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला, उठल्या, आणि टेबलाच्या खणातून ती सीडी काढली.

सीडी त्यांनी स्वतः बनवलेली होती, २००३ साली. तेव्हा घरी टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट होतं, एक गाणं उतरवायला अर्धा तास लागायचा. सारखं सारखं उतरवावं लागू नये म्हणून त्यांनी मासिकातल्या सीडीवरचं लिनक्स घेतलं, त्यात चार सोयीच्या गोष्टी घातल्या, आणि नवी सीडी करून ठेवली. तेव्हापासून दर शनिवारी कॉम्प्युटर पुसायचा आणि त्याच सीडीने भरायचा. कॉम्प्युटर दीडशे वेळा तरी धुतला गेला असेल. सीडीकडे कुणी संशयाने बघितलंच नव्हतं.

आम्ही सीडी उघडली. शाळेत जी फाइल सापडत नव्हती, ती त्यात होती. जुन्या फॉन्टात टाइप केलेला तमिळ मजकूर वाचणारा एक छोटा प्रोग्रॅम, आणि तो लिहिणारीचं नाव खाली स्पष्ट होतं: भवानी रंगाराव.

"माझंच," अक्का म्हणाल्या. "माझं म्हणून यादींत घालायचं सुचलंच नाहीं."

मला हसावं की रडावं कळेना. घरच्या माणसांची नावं आमंत्रणाच्या यादीत कोण लिहितं, तसं झालं होतं. त्या मात्र तोवर फोनजवळ पोचल्या होत्या.

गुरुमूर्तींशी त्या तमिळमध्ये बोलल्या, म्हणून मला सगळं कळलं नाही. पण एवढं कळलं की आधी चूक सांगितली नाही. आधी माफी मागितली. त्या म्हणत होत्या, तुमची ओळ सुटली असेल असं मी सहा वेळा म्हणाले, दिसणारं माणूस शेजारी घ्या म्हणाले, ते मी म्हणायला नको होतं. न दिसणारी मी होते, असं काहीसं त्या म्हणाल्या.  रंगाराव उठून गॅलरीत गेले.

पलीकडून उत्तर लांबलचक आलं. फोन ठेवून अक्का म्हणाल्या, "सार म्हणतात, आतां यादी तुम्ही तपासूं नका. मी तपासतों. एकटा. फोन करणार नाहीं, तुम्हींही करूं नका, आणि जवळ यायचं नाहीं."

"म्हणजे रागावलेत?"

"नाहीं गे. बरोबर सांगतात. ज्यानें स्वयंपाक केला त्यानें मीठ चाखून काय कळतं? त्याच्या जिभेस सवय झालेली."

त्या रात्रीच त्यांनी सीडीचे दोन तुकडे केले. मी दुसऱ्या दिवशी एका दुकानातून मासिकाची ताजी सीडी आणली. तिच्यावरून कॉम्प्युटर भरला आणि खरं कोरं म्हणजे काय ते आम्हाला कळलं. एक नाही, चार वस्तू यादीत नव्हत्या. एक अक्कांची, तीन इतरांच्या. एक सापडली की दुसरीवर अडायचं. मी ऑफिसातून दोन दिवस तापाची रजा काढली, ताप नसताना. अक्कांनी आपला छोटा प्रोग्रॅम वेगळा काढून, नीट नाव देऊन इंटरनेटवर ठेवला, आणि यादीच्या अगदी वर त्याची ओळ घातली. यादीतली भाषासुद्धा बदलली. "खाली दाखवल्याप्रमाणे" असं जिथे जिथे होतं तिथे काय करायचं ते शब्दांत लिहिलं.

सत्तावीस मेला आम्ही शाळेत गेलो. अक्कांना खोलीत प्रवेश नव्हता. बाहेर व्हरांड्यात एक बाक होता, त्यावर आम्ही बसलो. दार उघडंच होतं. आतून कॉम्प्युटरचा तो सपाट, घाईघाईने बोलणारा आवाज येत होता, आणि मध्येच गुरुमूर्तींच्या बोटांची टकटक. चूक आली की आवाज थांबायचा. अक्का अर्ध्या उठायच्या. मी त्यांचा पदर धरून खाली बसवायचे.

दुपारी एक वाजता आतली टकटक थांबली. मग गुरुमूर्ती दाराशी आले.  ते म्हणाले, "जेवायला चला," आणि आम्हाला मेसमध्ये घेऊन गेले. जेवताना ते क्रिकेटबद्दल बोलले. अक्कांनी ताकभातावर लोणचं घेतलं आणि खायचं विसरल्या.

अडीचला पुन्हा टकटक सुरू झाली. साडेतीनच्या सुमाराला आत दणदण आवाज होऊ लागला, जुन्या टाइपरायटरवर कुणी हातोडी मारावी तसा. छापणारं यंत्र चालू झालं होतं. अक्कांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

गुरुमूर्ती पान घेऊन बाहेर आले नाहीत. आम्ही दारातून डोकावलो. ते पानावरून बोटं फिरवत होते, आणि कपाळाला आठी होती. पानाचा आकडा चुकीच्या जागी आला होता, हे आम्हाला नंतर कळलं. अक्का बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात ते पुन्हा कॉम्प्युटरकडे वळले. त्यांनी प्रोग्रॅमच्या आतली ती ओळ शोधली, बदलली, पुळ्ळी पुन्हा बांधली, पुन्हा छापलं. पाऊण तास गेला. आम्ही दोघी दारात उभ्या होतो हे त्यांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे. या वेळी पानावर बोटं फिरवून त्यांनी ते नुसतं टेबलावर ठेवलं आणि पुढचा कागद लावला.

परतीच्या लोकलमध्ये सगळा वेळ मीच बडबडत होते. पळवंतांगल आल्यावर उतरताना त्या म्हणाल्या, "चार दिवसांत नऊ प्रती होतील काय?"

मी म्हटलं, होतील. मला काहीच ठाऊक नव्हतं.

एक जूनला गुरुवार होता. मी ऑफिसातून दुपारीच निघाले, कारण अक्का सकाळपासून काय करत असतील याची मला कल्पना होती. त्या फोनजवळच्या खुर्चीत बसून भाजी निवडत होत्या. एकच जुडी, तीन तास. सकाळपासून तांबरमहून फोन आलेला नव्हता.

"प्रोग्रॅममध्यें आणखी कांहीं बदललं असेल तर अडणारच," त्या म्हणाल्या. "अडलं असतां फोन आला असता. की रागानें केला नाहीं?" मग थोड्या वेळाने, "तूं कर ना."

"मी नाही करणार," मी म्हटलं. "त्यांनीच करू नका म्हटलंय."

चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. रंगाराव पेपर खाली ठेवून बघू लागले. अक्कांनी उचलला. मी अगदी जवळ उभी होते, त्यामुळे पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता, आणि एवढं तमिळ मला कळायला लागलं होतं.

"मॅडम, नऊ प्रती सकाळी वाटल्या. पहिल्या तासाला."

"काय अडलं सार?"

"काही नाही."

"कागद? आकडे? तें वर्गमुळाचं चिन्ह?"

"काहीच अडलं नाही. मुलं दुसऱ्या धड्यावर आहेत. एवढं सांगायला फोन केला."

अक्कांनी फोन ठेवला. पदर तोंडाला लावला आणि हमसून रडायला लागल्या. मी घाबरलेच. रंगारावांनी पाणी आणलं, त्यांनी घेतलं नाही. मी पाठीवरून हात फिरवत विचारलं, अक्का, पुस्तकं मिळाली ना मुलांना, मग आता काय झालं?

"कांहीं नाहीं गे," त्या म्हणाल्या. "बँकेंत बावीस वर्षं, घरीं त्याहून जास्त. अडलं की भवानी. हें अडलं, तें अडलं, भवानीस बोलवा. आज पहिल्यांदा कोणी कांहीं न अडतां मज फोन केला."

मग त्यांनी डोळे पुसले, भाजीची टोपली उचलली, आणि मला रात्री जेवायला थांब म्हणाल्या.